आधी मेल, मग प्रोग्राम

डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यातल्या लहान कचेऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. वर्षाचं एएमसी, म्हणजे देखभालीचं कंत्राट, घ्यायचं आणि फोन आला की जायचं. पंख्यात साठलेल्या धुळीपासून टॅलीच्या बिघडलेल्या डेटापर्यंत सगळं त्यात येतं. पण सर्वांत घाबऱ्या आवाजात आलेले फोन आठवले तर ते मेलचे असतात. प्रिंटर बंद पडला की माणूस चिडतो. मेल उघडेनासा झाला की त्याचा धीरच सुटतो. एमआयडीसीतल्या दहा-बारा माणसांच्या कारखान्यात ऑर्डर, दराची घासाघीस, ड्रॉइंग, माल पोचल्याची कबुली, थकलेल्या पैशांची आठवण, सगळं मेलमध्येच पडून असतं. त्याची वेगळी फाइल कुणी ठेवत नाही.

असं असूनही मेलचा प्रोग्राम टाकायची वेळ आली की पहिला प्रश्न येतो, "फुकट आहे ना?" हा प्रश्न मी कधी झटकून टाकत नाही. लहान धंद्यात खर्चाची एकेक ओळ मालक स्वतः तपासतो आणि ते योग्यच आहे. पण इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की पटली आहे. प्रोग्रामची किंमत हा नंतरचा प्रश्न. मेल नेमका कुठे साठतोय आणि उद्या हा प्रोग्राम सोडायचा झाला तर तो सगळा बरोबर घेऊन निघता येईल का, हे आधी विचारायचं.

मी काम सुरू केलं तेव्हा ब्राउझरमध्ये बसून मेल वाचणं परवडतच नसे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात इंटरनेट सुरू केलं, पण आमच्याकडच्या छोट्या कचेऱ्यांत ते पोचायला आणखी काही वर्षं गेली, आणि आलं तेही डायल-अपने. ठाण्यात एमटीएनएल, मुंब्रा-दिवा मागे टाकलं की बीएसएनएल आणि ०२५१ हा कोड. फोनचं मीटर पडत असायचं, इंटरनेटचे तास वेगळे विकत घेतलेले. फॅक्स आणि इंटरनेट बहुतेक ठिकाणी एकाच लाइनवर. मग सकाळी मोडेम लावायचा, 'सेंड अँड रिसीव्ह' दाबायचं, आलेलं सगळं उतरवून घ्यायचं आणि लाइन तोडायची. उत्तरं सावकाश लिहून आउटबॉक्समध्ये रचून ठेवायची आणि दुपारी पुन्हा जोडणी करून एकदम पाठवायची. लाइन नसतानाही काम चालू ठेवणं हेच तेव्हा डेस्कटॉपवरच्या मेल प्रोग्रामचं मुख्य काम होतं. विंडोजबरोबर आउटलुक एक्सप्रेस आपोआप यायचा, म्हणून नव्वद टक्के ठिकाणी तोच. निवड अशी कुणी करतच नव्हतं.

यात एक गोष्ट मालकांना माहीत नसे. या पद्धतीला पॉप म्हणतात, आणि पॉपमध्ये मेल एकदा तुमच्या मशीनवर उतरला की सर्व्हरवरून पुसला जायचा. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी एक खूण सेटिंगमध्ये असायची, पण सर्व्हरवरची जागाच काही एमबींची. ती भरली की नवे मेल परत जात, म्हणून ती खूण सहसा कुणी करत नसे. म्हणजे कचेरीचा सगळा पत्रव्यवहार जगात एकाच ठिकाणी, टेबलाखालच्या त्या एका डब्यात.

२६ जुलै २००५ नंतरच्या आठवड्यात मी कल्याणमध्ये वालधुनीच्या बाजूच्या एका गाळ्यात गेलो होतो. वाहतुकीचं काम करणारी कचेरी, तळमजल्यावर. पाणी ओसरलं होतं, पण भिंतीवर छातीइतक्या उंचीवर त्याची रेघ होती. मालकांनी सीपीयू उन्हात पालथा घालून ठेवला होता. हार्ड डिस्क बाहेर काढली तर तिच्या पिनांमध्ये चिखल वाळून घट्ट बसला होता. मऊ ब्रशने तो काढला, डिस्क दोन दिवस सुकवली, दुसऱ्या मशीनला लावली. फिरली नाही. लॅमिंग्टन रोडच्या एका ओळखीच्या दुकानात दिली, तिथूनही तशीच परत आली. मशीनचं मालकांना फार दुःख नव्हतं. "दादा, मशीन नवं येईल हो. पार्टीने रेट कबूल केलेला मेल होता त्याच्यात," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी त्यांच्या मुलाने एकेका ग्राहकाला फोन करून, आम्ही तुम्हाला पाठवलेले आणि तुम्ही आम्हाला पाठवलेले मेल परत पाठवा, अशी विनंती केली. काहींनी पाठवले. ज्यांच्याकडे पैसे थकले होते, त्यांतल्या बऱ्याच जणांना ते सापडले नाहीत.

त्याच इमारतीत एका दुसऱ्या गाळ्यातल्या मशीनवर सर्व्हरवर महिनाभर प्रत ठेवण्याची खूण केलेली होती. त्यांचं मशीनही गेलं, पण नव्या मशीनवर महिन्याभराचा पत्रव्यवहार पाच मिनिटांत उतरला. दोन्ही गाळ्यांत प्रोग्राम एकच आणि तो फुकटचाच. फरक पडला तो एका खुणेमुळे.

त्या वर्षांत पुराखेरीज दुसरं संकट विजेचं होतं. भारनियमनाने दुपारी वीज जायची आणि यूपीएसची बॅटरी बहुतेक ठिकाणी मेलेली. आउटलुक एक्सप्रेस एकेका फोल्डरची एकेक फाइल करायचा. पुसलेल्या मेलची जागा मोकळी करायला तो अधूनमधून, विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर शंभराव्या वेळी बंद करताना, 'फाइल आवळू का?' असं विचारायचा. लोक 'हो' म्हणत आणि मध्येच वीज गेली की इनबॉक्स रिकामा दिसे. अशा वेळी रिसायकल बिनमध्ये त्या फाइलची बॅक या एक्स्टेन्शनची जुनी प्रत पडलेली असे. तिचं नाव बदलून जागेवर ठेवली की बहुतेक मेल परत यायचे. पण तोवर कुणी बिन रिकामं केलं नसलं तरच. म्हणून फोनवरच मी आधी सांगायचो, "काहीही पुसू नका, बिनला हात लावू नका, मी निघालो."

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये परिस्थिती थोडी वेगळी होती. तिथे इंजिनिअरिंगवाले जास्त, मेलबरोबर ड्रॉइंग येणार, आणि एक्सेल-वर्डच्या बरोबरीने आउटलुकही वापरात. आउटलुक तेव्हा सगळं एका पीएसटी फाइलमध्ये ठेवायचा. २००२ सालच्या आवृत्तीपर्यंत या फाइलला २ जीबीची हद्द होती. २००३ पासून नव्या प्रकारच्या फाइलला ती २० जीबी झाली आणि २०१० पासून ५०. पण नवी आवृत्ती टाकली तरी फाइल जुन्याच प्रकारची राहायची, हे किती जणांना माहीत असणार? एका कचेरीत दर ड्रॉइंगच्या प्रत्येक सुधारणेचा मेल वर्षानुवर्षं तसाच ठेवलेला होता. फाइल हद्दीला जाऊन टेकली आणि एका सकाळी उघडेना. स्कॅनपीएसटी नावाचा दुरुस्तीचा प्रोग्राम मायक्रोसॉफ्ट बरोबरच देते. तो फाइलमधून आठ-आठ वेळा फिरवला, मग मेल नव्या फाइलमध्ये वर्षावार वाटले. रात्री शेवटच्या लोकलच्या आधी काम संपलं.

त्या काळाबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. लहान कचेऱ्यांत आउटलुक होता, पण विकत घेतलेला क्वचित. कॉपी केलेली सीडी हातोहात फिरायची. त्यामुळे 'पैसे देऊन मेल प्रोग्राम घ्यायचा का' हा प्रश्नच लोकांच्या मनात उभा राहिला नव्हता. सगळंच फुकट वाटायचं. पुढे बाहेरच्या मोठ्या कंपन्या पुरवठादारांकडे लायसन्सची कागदपत्रं मागायला लागल्या आणि मग हिशेब सुरू झाला. मला तो बदल मनापासून आवडला. पैसे मोजायला लागले की माणूस गरज तपासतो.

गरज तपासताना आजही एक घोळ सारखा होतो. दुकानातून लॅपटॉप घेतला की त्यात 'ऑफिस' आहे असं सांगतात. अलीकडेपर्यंत ते पुष्कळदा होम अँड स्टुडंट असायचं. त्यात वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट असायचं, आउटलुक नसायचा, आणि ते धंद्याच्या वापरासाठी नसायचंच. तसंच इतर प्रोग्रामचं. ईएम क्लायंट हा चेक प्रजासत्ताकातला चांगला प्रोग्राम फुकट मिळतो तो दोन खात्यांपुरता आणि घरगुती वापरापुरता. कचेरीत वापरायचा तर पैसे भरायचे. ही अट खाली बारीक अक्षरांत असते आणि ती वाचून दाखवणं हे मी माझं काम समजतो.

थंडरबर्डशी माझी ओळख जुनी. ७ डिसेंबर २००४ ला त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि लवकरच मी ती कचेऱ्यांत टाकू लागलो. फुकट आहे हे कारण होतंच, पण मोठं कारण वेगळं होतं. तो मेल साध्या एमबॉक्स प्रकारच्या फाइलमध्ये ठेवतो. ही रीत त्याच्याही आधीची आहे, आणि ती ओळखणारे प्रोग्राम भरपूर आहेत. याची किंमत मला नौपाड्यातल्या एका निवृत्त अभियंत्यांकडे कळली. ते युडोरा वापरत. स्टीव्ह डॉर्नर यांनी इलिनॉय विद्यापीठात १९८८ मध्ये लिहिलेला आणि पुढे क्वालकॉमने घेतलेला हा प्रोग्राम एके काळी मेल वापरणाऱ्यांचा फार लाडका होता. काकांनी त्याचे रीतसर पैसे भरले होते. परदेशातल्या मुलीचे, नातवंडांचे मेल त्यात वर्षावार लावून ठेवलेले. २००६ मध्ये कंपनीने तो पुढे न चालवण्याचं ठरवलं. काका काही वर्षं त्याच जुन्या मशीनवर तग धरून राहिले आणि मग मशीनच थकलं. युडोराच्या फाइलीही मूळ एमबॉक्सच्याच घराण्यातल्या, त्यामुळे एका दुपारी सगळे फोल्डर थंडरबर्डमध्ये आले. काही मेलमधल्या जोडलेल्या फोटोंचे दुवे तुटले, ते हाताने लावले. काकांनी एकेक वर्ष उघडून तपासलं, तोवर मला उठू दिलं नाही.

प्रोग्राम बंद पडणं ही नेहमीचीच गोष्ट आहे, हे तेव्हापासून मी धरून चालतो. आउटलुक एक्सप्रेस गेला. त्याच्या जागी आलेल्या विंडोज लाइव्ह मेलचा आधार जानेवारी २०१७ मध्ये संपला. विंडोज १० मधला 'मेल' २०२४ अखेरीस बंद झाला. पोस्टबॉक्स हा पैसे देऊन घ्यायचा प्रोग्राम, कित्येकांनी त्याचं आयुष्यभराचं लायसन्स घेतलेलं. तोही २०२४ मध्ये ईएम क्लायंटकडे गेला आणि थांबला. आयुष्यभराचं लायसन्स हे प्रोग्रामच्या आयुष्याचं असतं. म्हणून पैसे भरलेत की नाही यावरून तुमचा मेल टिकेल की नाही हे ठरत नाही. पोस्टबॉक्स थंडरबर्डच्याच पायावर उभा होता, त्यामुळे त्याच्या गिऱ्हाइकांना निदान मेल घेऊन निघता आलं. कुठलाही नवा प्रोग्राम टाकायच्या आधी मी त्यात दहा-वीस मेल घालतो, ते ईएमएल किंवा एमबॉक्सच्या रूपात बाहेर काढतो आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघतो. अटॅचमेंट शाबूत आहे का, तारीख तीच आहे का, मराठी नावाच्या फाइलीचं नाव नीट दिसतंय का. उघडलं तर पुढचं बोलणं.

मराठीवरून आठवलं. डोंबिवलीत संस्था पुष्कळ, आणि त्यांचा पत्रव्यवहार मराठीत. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली सूचना मेलने गेली की समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. म्हणून लोक छापील पत्र स्कॅन करून जोडायचे. आता युनिकोडमुळे तो त्रास गेला, पण त्या काळातले मेल शोधायला गेलं तर आजही शब्द सापडत नाही. संस्थांच्या कार्यवाहांना मी सांगतो, जुनं महत्त्वाचं असेल ते एकदा पीडीएफ करून ठेवा.

मेल राहण्याची जागा बदलली ती आयमॅपमुळे. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी १ जीबी जागा घेऊन आलं तेव्हा तो आकडा लोकांना खोटा वाटला होता. २००७ मध्ये त्यात आयमॅप आलं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहतो आणि तुमचं मशीन, फोन, घरचा लॅपटॉप त्याचंच रूप दाखवतात. याचा खरा उपयोग मार्च २०२० मध्ये दिसला. लोकल बंद झाल्या आणि मुंबईत नोकरी करणारी निम्मी डोंबिवली घरात बसली. ज्यांची खाती आयमॅपवर होती त्यांना फोनवरच्या सूचनांवर तासाभरात घरून काम सुरू करता आलं. ज्यांचं सगळं अजून पॉपवर, त्यांच्या कचेरीतलं मशीन पोलिसांची परवानगी काढून घरी न्यावं लागलं.

पण आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की काही मालकांना पाठ झालं आहे. एमआयडीसी फेज दोनमधल्या एका कारखान्यात विक्री बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि जाता जाता आपल्या खात्यातलं सगळं पुसून गेला. आयमॅपने आपलं काम चोख केलं: सर्व्हरवरून, कचेरीतल्या मशीनवरून, मालकांच्या फोनवरून, सगळीकडून मेल गेले. कळलं तेव्हा सर्व्हरच्या कचरापेटीची मुदत उलटली होती. वाचवलं ते कपाटातल्या बाहेरच्या डिस्कने. तिच्यावर दर महिन्याला थंडरबर्डचा पूर्ण प्रोफाइल फोल्डर उतरवून ठेवायची सवय तिथल्या अकाउंट्सच्या मॅडमनी लावून घेतली होती. शेवटच्या काही आठवड्यांचे मेल सोडले तर सगळं मिळालं. तेव्हापासून जाणाऱ्या माणसाचा पासवर्ड राजीनाम्याच्याच दिवशी बदलायचा, अशी तिथे शिस्त आहे.

एमबॉक्सलाही एक धोका आहे, तोही सांगतो. सगळा इनबॉक्स एकाच फाइलमध्ये असल्यामुळे एखाद्या मेलमध्ये व्हायरस सापडला की काही अँटिव्हायरस ती अख्खी फाइल उचलून कोंडून ठेवतात. इनबॉक्स एकाएकी रिकामा दिसला तर मी आधी अँटिव्हायरसची कोठडी बघतो, मग बाकी सगळं. प्रोफाइल फोल्डर तपासणीतून वगळायचा आणि अटॅचमेंट उघडताना तपासायची, ही व्यवस्था पहिल्याच दिवशी लावून द्यावी लागते.

आता पैशांकडे येतो. नौपाड्यातल्या एका सीए कचेरीत भागीदारांची खाती वेगळी, जीएसटीचं वेगळं, टीडीएसचं वेगळं, आयकराच्या नोटिसा येतात ते वेगळं. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत असते आणि ती चुकली की अशिलाचं नुकसान. हे सगळं एकाच मॅडम सांभाळत. तिथे मी पैसे भरून मेल प्रोग्राम घ्यायला लावला. अमुक दिवशी हा मेल पुन्हा वर आण, अमुक मेलला उत्तर आलं नाही तर आठवण कर, ठरलेला मजकूर एका कळीवर टाक, अटॅचमेंटच्या आतला पॅन नंबर शोध, ही त्यांची रोजची कामं. यातलं काही थंडरबर्डमध्ये अ‍ॅड-ऑन जोडून होतं. पण नवी आवृत्ती आली की एखादं अ‍ॅड-ऑन चालेनासं होतं, आणि विवरणपत्रांच्या मुदतीच्या गर्दीत ते परवडत नाही. मॅडमना मी आधी तीस दिवसांच्या चाचणीवर काम करायला दिलं. शेवटी त्यांनीच भागीदारांना सांगितलं, "सर, हे काढू नका." किमतीचं समर्थन मला करावंच लागलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या आर्टिकलशिप करणाऱ्या शिकाऊ मुलांना मात्र तो प्रोग्राम घेतला नाही. ते दिवसाला चार मेल बघतात, त्यांना ब्राउझर पुरतो.

दिवसभर मेलमध्येच ज्याचं काम आहे, त्याच्यासाठी पैसे भरणं रास्त आहे. बाकीच्यांसाठी नाही. आणि एका कचेरीत सगळ्यांना एकच प्रोग्राम हवा, हा हट्ट तर अजिबात नको. खाती आयमॅपवर असली की कुणी काहीही वापरलं तरी बिघडत नाही.

'फुकट' या गोष्टीबद्दलही माझं मत वर्षांगणिक बदललं. २०१२ मध्ये मोझिलाने थंडरबर्डवरचं काम आवरतं घेत असल्याचं जाहीर केलं तेव्हा मला काळजी वाटली होती, कारण माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांचा मेल त्यात होता. तो टिकला तो वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर. २०२० मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी झाली. २०२२ या एका वर्षात जगभरातून सुमारे ६४ लाख डॉलर जमले, आणि पुढच्याच वर्षी नव्या रूपातली आवृत्ती आली. ज्या कचेऱ्यांत तो चालतो तिथल्या मालकांना मी वर्षातून एकदा काहीतरी रक्कम पाठवायला सांगतो. काही पाठवतात. सक्ती कुणावर नाही, पण ज्याच्यावर आपला धंदा उभा आहे त्याच्या देखभालीला हातभार लावणं मला गरजेचं वाटतं.

दुसऱ्या प्रकारचं फुकट निराळं. विंडोजमधल्या 'मेल'च्या जागी आता नवा आउटलुक येतो. त्यात फुकट खात्याला जाहिराती दिसतात, आणि बाहेरचं आयमॅप खातं जोडलं की मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमधून जाऊन-येऊन चालतो. घरगुती वापराला कुणाची हरकत नसेल. पण अशिलांचे ताळेबंद ज्या खात्यात येतात, तिथे ही गोष्ट मालकांना समजावून सांगूनच जोडणी करावी, असं माझं ठाम मत आहे. 'पुढे' दाबण्याआधी समोर येणारा तो मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवतो.

विकत घेतलेली जुनी वस्तू कायमची चालते, हा समज २०२२ ने मोडला. ३० मे पासून गुगलने नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला मेल देणं खाजगी खात्यांसाठी थांबवलं, आणि ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने आपल्या व्यावसायिक खात्यांवर तेच केलं. सुरक्षेसाठी ते योग्य होतं. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात माझा फोन थांबत नव्हता. पैसे देऊन घेतलेल्या आउटलुकच्या २००७-२०१० च्या आवृत्त्यांना नवी ओळख-पद्धत कळेना. गुगलच्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावून सोळा अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढून दिला, तिथे त्या चालल्या. थंडरबर्डवाल्यांना नुसती आवृत्ती नवी करून ब्राउझरच्या खिडकीत एकदा लॉगिन करावं लागलं. तेव्हापासून कुठल्याही प्रोग्रामची शेवटची सुधारणा कधी आली हे मी किमतीच्या आधी बघतो.

एक प्रसंग लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यात नुकसान मोठं होतं. परदेशात माल पाठवणारा एक कारखाना. ग्राहकाला कारखान्याच्या नावाने मेल गेला की आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचे पैसे या खात्यावर भरा. आधीच्या संभाषणातलीच सगळी वाक्यं खाली जोडलेली. ग्राहकाने पैसे भरले. पत्त्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरं शेजारी शेजारी होती, पडद्यावर तंतोतंत एकच दिसणारी. ग्राहकाच्या प्रोग्रामने फक्त नाव दाखवलं, पत्ता लपवला. बँकेला कळवलं, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर पोलिसांकडे गेले, पण रक्कम तोवर पुढे गेली होती. आता मी बसवलेल्या प्रत्येक मशीनवर नावाबरोबर पूर्ण पत्ता दिसलाच पाहिजे अशी सेटिंग असते, आणि अक्षरं जरा मोठी ठेवतो. प्रोग्राम निवडताना लोक रंगरूप बघतात. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता न दाबता दिसतो का, हे त्याहून कितीतरी महत्त्वाचं आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि कचेऱ्यांत मशीन बदलायचा हंगाम आला. वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात मालकांनी "फुकट आहे ना?" हाच प्रश्न विचारला आणि आम्ही कागद घेऊन बसलो. पहिला खर्च स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे मेलची कंपनी बदलली तरी पत्ता बदलणार नाही. दुसरा, माणशी भरायच्या मेलबॉक्सचा. तिसरा, दोन बाहेरच्या डिस्कचा, एक कारखान्यात आणि एक मालकांच्या घरी. हे तीन झाल्यावर मशीनवर थंडरबर्ड टाकला, आणि डिस्पॅच, खरेदी व चौकशी अशी पाच खाती एकटीने बघणाऱ्या ताईंना एक विकतचं लायसन्स घेतलं. तेवढंच. जुनी मशीन भंगारवाल्याला देण्याची घाई मालकांना होती. महिनाभर थांबायला सांगितलं. तोवर ताईंनी रोज एका वर्षाचे काही मेल नव्या मशीनवर उघडून बघायचे आणि वहीत खूण करायची, असं ठरलं. २०११ च्या फोल्डरमध्ये काही ड्रॉइंग उघडत नव्हती. तपासलं तर जुन्या आउटलुकने ती विनमेल-डॅट नावाच्या फाइलीत गुंडाळून पाठवलेली होती. ती सोडवून घेतली, मग ते वर्ष पुन्हा बघितलं, आणि त्यानंतरच जुनी मशीन गेली.